कॅप्टनसाहेबांचा शब्द आणि लाकडी पट्टी

साताऱ्याचा शार्दूल दक्षिण आफ्रिकेतल्या एका फ्लाइंग क्लबात विमान उडवण्याचे तास भरायला गेला होता. शेवटचे तीन तास उरले होते आणि व्हिसा परवा संपत होता. तास अपुरे राहिले तर मोठं लायसन्स हुकणार होतं.

तरीही विमानात बसण्याआधी त्याने टाकीत बुडवून पेट्रोल मोजायची लाकडी पट्टी मागितली. छोट्या विमानाच्या काट्यावर शहाणा वैमानिक विसंबत नाही.

क्लबचे मालक कॅप्टन डुप्लेसी भडकले. त्यांच्या छातीवर इतके बिल्ले होते की नुसतं खाकरलं तरी किणकिण व्हायची.

"काटा फुल म्हणतोय, मी फुल म्हणतोय. तीस वर्षांत माझ्या शब्दाला कुणी पट्टी लावली नाही! उडायचं तर आत्ता, नाहीतर विमान दुसऱ्याला देतो."

हा सूर शार्दूलच्या ओळखीचा होता. दोन महिन्यांपूर्वी साताऱ्यातला गॅरेजवाला त्याला असाच म्हणाला होता, "ब्रेक एकदम ओके!" आणि तासाभरात शार्दूलचा थोरला भाऊ, दादा, जीपसकट दरीत गेला.

शार्दूलच्या डोक्यात तिडीक उठली, पण तो हसून म्हणाला, "तुमचा शब्द मान्य, कॅप्टनसाहेब. चला, शेजारी बसा. तीन तास डोंगरांवरून फिरून येऊ."

कॅप्टननी विमानाकडे पाहिलं, मग डोंगरांकडे. "थांब जरा," म्हणत ते स्वतःच पट्टी घेऊन पंखावर चढले. पट्टी बाहेर आली ती टोकाला जेमतेम बोटभर ओली.

"रोज घसा फोडून सांगतो," कॅप्टन नोकरांवर ओरडले, "पट्टी लावल्याशिवाय विमान सोडू नका!"

टाकी भरल्यावर शार्दूलने पट्टी पुन्हा बुडवून पाहिली. 'शेजारी बसा' एवढंच त्या गॅरेजवाल्याला म्हणायचं त्याला सुचलं नव्हतं.