दुरपताचा मांडव

फार वर्षं झाली. तलावाकाठच्या बुरडटोली नावाच्या वस्तीत दुरपता नावाची बाई बांबूच्या टोपल्या विणायची. पण टोपली ज्याच्या डोक्यावर जायची, त्याचं डोकं पाहिल्याशिवाय ती बांबू फोडत नसे. तिच्या टोपलीनं कधी कुणाची मान दुखली नाही, असं म्हणतात.

एका वर्षी टोलीत तापाची साथ आली. सरकारी कारकून आला, एका कागदावर सगळ्यांचे अंगठे घेतले, औषध मागून येतं म्हणाला आणि गेला. औषध आलं नाही. दुरपताची धाकटी बहीण यमुना तापात गेली. दुरपता दवाखान्यात विचारायला गेली, तर त्यांनी कागद वाचून दाखवला. औषध मिळालं असं त्यावर लिहिलं होतं, आणि खाली तिचाच अंगठा होता.

पुढं कितीतरी दिवस ती आपल्या अंगठ्याकडे बघत बसायची.

मग ती रोज तीन कोस चालत मास्तरांकडे गेली आणि अक्षरं शिकली. परत येऊन तिनं टोलीला एका ओळीत बसवलं, सगळ्यांना एकच धडा दिला. आठ दिवसांत ओळ रिकामी झाली. कुणाचं लेकरू अंगावर, कुणाची जाळी तलावात.

"माय, साऱ्यांना एकाच मापाची टोपली घातलीस," आंधळा मंकू हसत म्हणाला.

ते तिला लागलं. ती घरोघर गेली, ज्याला जे हवं ते विचारलं. सोना सुईणीला औषधांची नावं शिकवली. मासे धरणाऱ्या ऋषी ढिवराला तारखा आणि अर्जातले शब्द. मंकूसाठी बांबूच्या काड्यांची अक्षरं विणली, ती तो बोटांनी वाचायचा. त्या काड्यांना पुढं हिरवी पानं फुटली, असं म्हणतात.

पण उपाशी आणि तापानं पडलेल्या माणसाला अक्षर कुठून दिसणार? म्हणून ती मोठ्या साहेबाकडे गेली. डॉक्टर, धान्य आणि धडा, ही तिन्ही दर मंगळवारी एकाच मांडवात हवीत, म्हणाली. साहेब हसला. ती दारातच टोपल्या विणत बसली. तिसऱ्या दिवशी टोपल्यांचा ढीग छपराला लागला, साहेबाला बाहेर पडता येईना. तेव्हा तो हो म्हणाला, आणि दर मंगळवारी डॉक्टर नि धान्या-औषधाची गाडी मांडवापाशी येऊ लागली.

पुन्हा साथ आली. त्या मंगळवारी गाडी रिकामीच आली, सोबत तोच कारकून आणि कागद.

"अंगठे लावा. तुम्हाला कागदातलं काय कळतं?"

"अगोदर वाचू," दुरपता म्हणाली.

तिला सगळा कागद वाचता येत होता. पण तिनं तो सोनाच्या हातात दिला. सोनानं औषधाचं नाव वाचलं. ऋषीनं तारीख वाचली, मग 'पोचले', मग 'तक्रार नाही'. मंकूनं ते सारे शब्द मनात ओवले आणि सावकाश म्हणाला, "आज औषध पोचलं, आमची तक्रार नाही, असं लिहिलंय. गाडी तर रिकामी आहे, बाप्पा."

कारकुनानं चिडून मंकूचा हात ओढला, अंगठा शाईत दाबला. अंगठा कोराच वर आला. मग सोनाचा, मग ऋषीचा. साठ अंगठे कोरे निघाले, असं म्हणतात. ठसे नसलेला कागद घेऊन गाडी मागं फिरली आणि दिवस मावळायच्या आत भरून आली.

आजही टोलीत मंगळवारी मांडव उभा राहतो. नव्यानं शिकायला आलेल्याच्या डोक्याचं माप बांबूच्या पट्टीनं घेतात आणि विचारतात, "तुला काय वाचायचंय?" कुठलाही कागद आला की आधी हातोहात फिरतो, ज्याला सगळ्यांत जास्त येतं, तो सगळ्यांत शेवटी वाचतो. आणि साहेब कितीही मोठा असो, शाईची डबी मांडवाबाहेर ठेवूनच आत येतो.