देव जवळा आहे

"मग चूक कोणाची, मास्तर? बोलणाऱ्याची की ऐकणाऱ्यांची?"

फादर रॉयस्टन हे तिसऱ्यांदा विचारत होते. इनासमास्तर अंगणात उन्हाला बसून गुडघ्यांना तेल चोळत होते.

"आधी बस तरी. उभ्यानं विचारलेल्याला बसून उत्तर देता येत नाय."

फादर बसले. आधी बाकावर रुमाल अंथरला, मग पांढरा झगा सावरून बसले.

मी ओट्यावर सुपात जवळा निवडत होते. जवळा म्हणजे वाळवलेली इवलीशी कोलंबी, नखाएवढीसुद्धा नाही. माझं माहेर आतल्या वाडीतलं, केळी आणि पडवळांचं. जवळ्याशी माझी ओळख लग्नाइतकीच जुनी, म्हणजे सात आठवड्यांची. इनासमास्तर माझे आजेसासरे. वय सत्त्याऐंशी. मोरवे बंदरातल्या तीन पिढ्यांना त्यांनी बाराखडी आणि प्रार्थना शिकवल्या. फादर रॉयस्टन त्यातले शेवटचे. म्हणून सगळं गाव ज्यांना फादर म्हणतं, त्यांना मास्तर रॉय म्हणतात.

नव्या सुनेला कान नसतात, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. मी तो समज मोडला नाही.

"कोणीतरी रोमला पत्र लिहिलंय," फादर म्हणाले. "की मोरव्याच्या कोळ्यांनी धन्यवादित फादर उर्बानोंच्या कबरीवर सुकी मासळी वाहायला सुरुवात केलीय. आणि म्हणतात काय, तर देव जवळा आहे."

"सुरुवात आत्ता नाय केली. जुनं हाय ते."

"मास्तर, सोमवारी चौकशीला तिघं येतायत! मी गावात फिरलो. वाटलं, लोक नाही म्हणतील. एक्केचाळीस जणांना विचारलं. एक्केचाळीसही जण हसून म्हणाले, हो फादर, उर्बानफादर असंच म्हणायचे."

"बेचाळिसावा मी."

फादर रॉयस्टननी डोळे मिटले.

फादर उर्बानोंना मी फोटोतच पाहिलंय. तो इथे प्रत्येक होडीत असतो, इंजिनाच्या वर, डिझेलचा डाग पडलेला. स्पेनहून तिशीत आले, चौतीस वर्षं राहिले, इथेच पुरले गेले. शाळा त्यांची, दवाखाना त्यांचा. पण म्हातारी माणसं वेगळंच सांगतात. एखादी होडी वेळेवर आली नाही, की ते त्या घरी जाऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत. होडी येईपर्यंत बसायचे, नाहीतर घरच्यांची आशा सुटेपर्यंत. दोन वर्षांपूर्वी त्यांना धन्यवादित म्हणून जाहीर केलं. संतपदाला आता एकच पायरी उरली. फादर रॉयस्टननी त्यांचं चारशे बारा पानांचं चरित्र लिहिलंय आणि ती पायरी आपणच बांधायची आहे अशा चालीनं ते चालतात.

कबरीवर मूठभर जवळा ठेवायची रीत मलाही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाळावी लागली. गावची मांजरं त्यामुळे फार भाविक झाली आहेत.

फादरांनी पिशवीतून टाइप केलेला कागद काढला.

"वाचतो. 'मी, इनास पास्कू मुनीस, फादर उर्बानोंचा मराठीचा शिक्षक, शपथेवर सांगतो की फादर नेहमी देव जवळ आहे असंच म्हणत. परदेशी उच्चारामुळे लोकांना जवळा असं ऐकू येई.' खाली सही."

"शुद्धलेखन सुधारलं तुझं."

"सही करा, मास्तर."

"खोटं हाय ते."

"कोणाचं नुकसान आहे यात? फादरांचं नाही, लोकांचं नाही. चूक जिभेची. जिभेला कोण शिक्षा करतं?"

मास्तर तेलाचं बूच लावत होते. ते लागत नव्हतं. मी उठले नाही. त्यांना मदत आवडत नाही.

"जीभ चांगली होती त्याची," शेवटी ते म्हणाले. "ळ यायला दीड वर्ष लागलं. इथंच बसायचा, हातात आरसा धरून, जीभ उलटी करून. ळ... ळ... ळ... पलीकडची कोंबडी उत्तर द्यायची. पण आला. माझ्यापेक्षा गोल आला."

"मग?"

"मग एक दिवस वही घेऊन आला. म्हणाला, मास्तर, देव मोठा. देव चांगला. देव खरा. सगळ्यांच्या शेवटी आ. मग देव जवळ, का देव जवळा?"

"आणि तुम्ही..."

"मी म्हटलं, जवळा. पुल्लिंगी."

मला हसू आलं. ते मी सुपात पाखडून टाकलं.

फादर रॉयस्टन हसले नाहीत.

"चुकून म्हणालात."

"मुद्दाम म्हणालो. बावीस वर्षांचा होतो. बंदरातला पहिला मॅट्रिक. एवढा शिकलेला गोरा माणूस माझ्यापुढं शिसपेन्सिल घेऊन बसतो, मी म्हणेन ते लिहून घेतो... मस्ती यायला आणखी काय लागतं? शनिवारी पोरांना सांगून ठेवलं, उद्या मिस्साला मागच्या बाकांवर बसा. मजा हाय."

फादरांनी कागद मांडीवर ठेवला.

"ऑगस्ट महिना," मास्तर म्हणाले. "होड्या वर ओढलेल्या. घराघरात चूल एकवेळची. त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या फेरीत एक होडी गेली ती आलीच नव्हती. तो वेदीपाशी उभा राहिला. आम्हां सगळ्यांकडं बघितलं. म्हणाला, भिऊ नका. देव जवळा आहे."

फादरांनी झग्याचं टोक मुठीत धरलं.

"काय ळ होता! मागची बाकं हसून फुटली. मी सगळ्यांत जोरात. त्याला कळेना. तो पण थोडा हसला, आपलं काय तरी चांगलं झालंसं वाटून."

ओट्याखालून मांजर गेलं. कोणी त्याला हाकललं नाही.

"पुढच्या बाकावर कार्मेल होती," मास्तर म्हणाले. "तुझ्या आयची आय. त्या होडीवर तिचा नवरा गेलेला. तीन पोरं घेऊन बसलेली, मधली तुझी आय, चार वर्षांची. तेव्हा बायका चर्चमध्ये तोंड उघडत नसत. ती उठली."

फादर रॉयस्टन एकदम पुढे सरकले. रुमाल खाली पडला.

"आजी उठली?"

"उठली. म्हणाली, 'हाय, फादर. अजून अर्धं मडकं हाय.'"

मला वाटलं, एवढंच असेल.

"तिच्या घरात दुसरं काय नव्हतं रे. सकाळी जवळा, रात्री जवळा. तिला वाटलं, फादर तिच्याशीच बोलतोय. तिला वाटलं, याला कोणी सांगितलं आपल्या मडक्याचं..."

"मागची बाकं?"

"गप झाली. एक मी हसत होतो. थांबता येईना. कधी कधी येत नाय थांबता."

फादरांनी खाली वाकून रुमाल उचलला. घडी घातली. पुन्हा उलगडली.

"त्यांना कधी कळलं?"

"संध्याकाळी. कोणी तरी सांगितलंच. तो इथं आला, ह्या दारात उभा राहिला. मी म्हटलं, गेली शाळेतली नोकरी. त्यानं वही पुढं केली. म्हणाला, मास्तर, बरोबर शब्द लिहून द्या. मी खाली मान घालून लिहिलं, जवळ. वरचा जवळा खोडायला पेन्सिल टेकवली, तर त्यानं माझा हात धरला. म्हणाला, दोन्ही राहू देत."

"पुढच्या रविवारी?"

"परत म्हणाला. देव जवळा आहे."

"चुकून?"

"रॉय, तुला कितीदा सांगायचं, तो चुकत नसे."

फादरांनी रुमाल खिशात कोंबला.

"मी मान वर केली नाय. वाटलं, आता माझ्याकडं बघेल. सगळ्या गावासमोर. तो कार्मेलकडं बघत होता... वर्षभरानं बिशपांकडं कागाळी गेली. तेव्हाही लोक पत्रं लिहीत. बिशपांनी बोलावून विचारलं, हे काय? तो म्हणाला, माझं मराठी कच्चं आहे. माझं नाव नाय घेतलं. चौतीस वर्षांत कधी नाय घेतलं. तो गेला. मग मी पण नाय घेतलं."

बूच अजून हातातच होतं. मास्तरांनी ते बघितलं, जणू कोणी दुसऱ्यानं ठेवलंय.

"तुझ्या पुस्तकात काय लिहिलंयस? फादरांचं मराठी..."

"'शेवटपर्यंत कच्चंच राहिलं,'" फादर हळूच म्हणाले. "पान एकशे सहा."

"सून वाचून दाखवत होती मला रोज. त्या पानावर मी तिला म्हटलं, पुरे आज."

खरं होतं. मला वाटलं होतं, त्यांना झोप आली.

"ते पान खोड, रॉय. तेवढ्यासाठी मी थांबलोय. नायतर असले गुडघे घेऊन सत्त्याऐंशी वर्षं कोण जगतं?"

फादर रॉयस्टन उठले. अंगणात दोन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीला थांबले.

"हे सोमवारी बाहेर आलं तर गाव तुम्हाला हसेल. म्हणतील, ज्याच्यापुढे आम्ही मेणबत्त्या लावतो त्याची ह्या मास्तरानं टिंगल केली. पोरं रस्त्यात पुल्लिंगी म्हणून हाका मारतील."

"मारू देत. चांगला शब्द हाय."

"आणि संतपदाची फाइल? फादरांनी जाणूनबुजून म्हटलं असं लिहून दिलं तर फाइल कपाटात जाईल. दहा वर्षं. कदाचित कायमची."

"तो कुठं जाणाराय?"

प्रवचनात फादर पाणी प्यायलासुद्धा थांबत नाहीत. आता फेरी अर्धी टाकून बाकावर येऊन बसले.

मग त्यांनी टाइप केलेला कागद घेतला, उलटा केला, पिशवीतल्या आपल्या पुस्तकावर ठेवून मास्तरांच्या मांडीवर दिला. पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं.

मास्तरांना चार शब्द लिहायला खूप वेळ लागला.

"जवळा मी शिकवला. इनास."

नावाखाली त्यांनी रेघ मारली, वहीत मारायचे तशी. फादरांनी कागद वाचला आणि शाई वाळेपर्यंत हातातच धरून ठेवला. पिशवीत ठेवताना घडी नाही घातली.

"मी निघतो," ते म्हणाले.

"बाय," मास्तरांनी मला हाक मारली, "पान वाढ याला."

"नको, मास्तर. सोमवारची तयारी..."

"पान वाढ."

घरात दुसरं काही नव्हतं. सकाळी बाजार झाला नव्हता. मी तांदळाची भाकरी आणि कांद्यावर परतलेला जवळा वाढला, वर कोकमाचं एक आमसूल. पाहुण्याला, त्यातून फादरना, हे असं वाढायची लाज वाटली. माहेरी कळलं असतं तर आई रागावली असती.

फादर रॉयस्टननी आधी बोटांच्या टोकांनी खाल्लं. मग बाही वर सारली. मग ताटाच्या कडेला सांडलेले बारीक कण भाकरीच्या तुकड्यानं गोळा केले, एकेक, चिमणी टिपते तसे.

"याची आय अस्संच करायची," मास्तर स्वतःशीच म्हणाले.

फादरांचे डोळे भरून आले.

"तिखट आहे," ते म्हणाले.

मी दोनच मिरच्या घातल्या होत्या.

त्यांच्या आईचं घर इथून तीन दारं पलीकडे. ती गेली तेव्हा फादर रोमला शिकत होते. कुलूप तेव्हापासूनचं आहे. कुलपावर आता दुसरं कुलूप लावावं लागेल, एवढं गंजलंय. आज येताना त्यांनी मोटरसायकल त्या दारापुढूनच आणली असणार; रस्ता एकच आहे.

ताट पुसून स्वच्छ झालं, तरी ते उठले नाहीत. बोट ताटावर तसंच.

"मास्तर..."

"बोल."

"समिती मला विचारेल. कागद ठीक आहे, तुमची सही ठीक आहे. पण शेवटी ते माझ्याकडेच बघतील. म्हणतील, फादर, तुम्ही एवढे शिकलेले, तुम्ही सांगा. कोणता शब्द बरोबर? देव जवळ आहे, की..."

लहान मुलासारखं ते मास्तरांकडे बघत राहिले.

मास्तरांनीही त्यांच्याकडे बघितलं.

मग माझ्याकडे वळले.

"आणखी वाढ याला, बाय. लांबून आलाय."