तांबटाच्या लेकीची सावली

फार मागची गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावात एकच मोठी विहीर होती. त्या विहिरीवर एका सकाळी एक बातमी अर्धीच ऐकू आली.

"तांबट हातोडा घेऊन कासारणीच्या दारात गेला, आणि मग तिच्या बांगड्या..."

एवढ्यात सांगणारीचा पोहरा दोरासकट विहिरीत गेला. ती पोहऱ्याच्या मागे लागली आणि ऐकणाऱ्या तशाच उभ्या राहिल्या. पण अर्धी बातमी कधी अर्धी राहते का? दुपारपर्यंत गावानं ती आपापल्या परीनं पुरी केली. कुणी म्हणालं, त्यानं तिचं दुकान फोडलं. कुणी म्हणालं, दुकान तर फोडलंच, मनगटही सोडलं नाही. एका मायाळू बाईनं तर कासारणीसाठी हळद गरम करून ठेवली.

खरं काय झालं ते सांगते. पण त्याआधी त्या गावाचा छंद सांगायला हवा, नाहीतर तुम्हाला त्यातलं काही कळायचं नाही.

त्या गावाला सावल्या धरायचा नाद होता. सकाळचं ऊन कोवळं असताना माणूस उन्हाकडे पाठ करून उभा राहायचा. त्याच्यापुढे लाकडी चौकटीवर पातळ पांढरं कापड ताणलेलं असायचं. त्याची सावली कापडावर पडली की चित्र काढणारा कापडाच्या पलीकडे बसून कोळशानं तिची कड ओढायचा. मग सवडीनं आत काजळी भरायची. झालं सावलीचित्र. ह्यावर कुणाचं पोट नव्हतं. कुंभार, माळी, कोष्टी, सगळे आपापलं काम सांभाळून सावल्या धरायचे. आईबापांच्या धरायचे, बैलांच्या धरायचे, एकानं तर आपल्या आवडत्या शेवग्याचीही धरली होती.

दर पौर्णिमेला देवळापुढे दोरी बांधून ही चित्रं टांगत. गावानं यायचं, आवडेल त्या चित्राखाली फूल ठेवायचं आणि "छान" म्हणायचं, अशी रीत होती. दोष काढायचा नाही. फार पूर्वी कुणाच्या तरी चित्राला कुणीतरी नाव ठेवलं होतं आणि दोन घरांत पिढ्यान्पिढ्या बोलणं बंद झालं होतं म्हणे. तेव्हापासून सगळ्यांच्या चित्राखाली फुलं आणि सगळ्यांच्या तोंडी छान.

त्या गावात एक तांबट होता. हात सोन्याचा. त्याच्या हंड्यावर बोट फिरवलं तर ठोक्याची खूण लागायची नाही. बायको लवकर गेली होती आणि घरात एकुलती एक लेक होती. त्या लेकीचं लग्न डोंगरापलीकडे ठरलं. लग्न नवऱ्याच्या गावी लागायचं होतं आणि वाट अशी अवघड की गेलेली मुलगी वर्षानुवर्षं माहेरी यायची नाही.

तांबटानं ठरवलं, लेक जायच्या आधी तिची सावली धरायची आणि चुलीसमोरच्या भिंतीवर टांगायची. म्हणजे जेवताना घर रिकामं वाटणार नाही. त्याला बाकी काही नको होतं.

तो रोज सकाळी लेकीला तळ्याकाठी उभी करी. पण चित्र काही तिच्यासारखं दिसेना. काय चुकतंय ते त्याला कळेना. दुसरं काढलं, तिसरं काढलं. वऱ्हाडाचा दिवस जवळ येत चालला होता आणि त्यात सकाळी आभाळ भरून यायला लागलं होतं. त्याची झोप उडाली. हंड्यावर ठोका घालताना हातोडा चुकू लागला. कढई गिऱ्हाईकाला द्यायची, तर कान बसवायचेच राहून जात.

पौर्णिमेला त्यानं सगळ्यात बरं चित्र दोरीवर टांगलं. त्याला वाटलं, गाव बघेल आणि काहीतरी सांगेल. गाव आलं. फुलांचा ढीग पडला. छान, छान, छान.

तेवढ्यात कासारीण आली.

ही कासारीण म्हणजे गावभर बांगड्या भरत हिंडणारी. हात मऊ आणि जीभ तिखट. स्वतःही सावल्या धरायची, भराभर धरायची. तिनं चित्रापुढे मान तिरकी केली आणि म्हणाली, "ही तांबटाची लेक व्हय? मला वाटलं, झाकण ठेवलेली कळशी आहे."

आणि गाव हसलं. वाईट म्हणजे, ते हसू खरं होतं. मुलीची मान खांद्यात गेली होती, धड बसकं झालं होतं, हुबेहूब कळशी. ज्यांनी आत्ताच फुलं वाहिली होती, तेच पोट धरून हसत होते.

तांबटानं चित्र उतरवलं. घरी जाऊन त्यावर काजळी फासली. पण जिवाला स्वस्थता कुठली? दुसऱ्या दिवशी तो फुलं ठेवणाऱ्यांच्या दारोदार गेला आणि विचारू लागला, छान म्हणालात, तर काय छान होतं? माळी म्हणाला, सगळंच. कोष्टी म्हणाला, कापड चांगलं होतं. कुंभार म्हणाला, कशाला मनाला लावून घेता, बाईची जीभच तशी. कुणालाही चित्र आठवत नव्हतं. कळशी मात्र सगळ्यांना आठवत होती.

इकडे कासारणीचाही जीव थाऱ्यावर नव्हता. हशा पिकवताना बरं वाटलं होतं. नंतर आठवलं, त्या मुलीच्या हातात लग्नाचा चुडा आपल्यालाच भरायचा आहे. आता बोलावतील का? आणि बोलावलं तर कुठल्या तोंडानं जायचं? दुकानात बसून ती हिरव्या बांगड्यांच्या माळा सोडायची आणि पुन्हा ओवायची.

तांबट घरी आला तो तणतणतच. म्हणाला, त्या बाईला दारात उभी करायची नाही, चुडा दुसऱ्या गावाहून आणीन. लेक भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही, पण म्हणाली:

"आबा, फुलं वाहणाऱ्यांनी तुमच्याकडे बघितलं. चित्राकडे तिनं एकटीनंच बघितलं. तिलाच विचारा."

तांबट रात्रभर कूस बदलत राहिला. सकाळी उठला तो खांद्यावर चौकट, कमरेला खुंट्या आणि हातात हातोडा घेऊन निघाला. विहिरीवरून फक्त हातोड्याचीच बाजू दिसत होती. लेक कापड घेऊन बरीच मागून येत होती, तीही कुणाला दिसली नाही.

कासारणीला तरी काय दिसलं? हातोडा. तिनं दार असं आपटलं की दारामागे खिळ्याला अडकवलेल्या बांगड्यांच्या माळा खळकन खाली आल्या. काचांचा सडा पडला. त्या सड्यातच ती दाराला पाठ लावून बसली.

बाहेरून तांबट म्हणाला, "बाई, मी भांडायला आलो नाही. कळशी का दिसते, तेवढं सांग."

आतून उत्तर आलं, "मला काय ठाऊक? दिसली तशी बोलले."

"बोललीस ना? मग आता अर्धं सोडू नकोस. माझ्या लेकीला जायला दिवस उरले नाहीत. मी चित्र काढतो, तू बघत उभी राहा आणि चुकलं की तिथंच थांबव. तू तळ्यावर येणार नाहीस म्हणून चौकटच घेऊन आलोय."

आतून काचा बाजूला सारल्याचा आवाज आला. मग कडी वाजली.

कासारीण बाहेर आली. डोळे पुसले होते, पण पुसल्याचं कळत होतं. तांबटानं हातोडा घेतला, तिच्या अंगणात खुंट्या ठोकल्या, चौकट उभी केली आणि हातोडा बाजूला भुईवर ठेवला. लेक उन्हाकडे पाठ करून उभी राहिली. तांबट पलीकडे बसला आणि नेहमीसारखा जपून कोळसा फिरवू लागला. आधी पाय. मग निऱ्या. मग कंबर.

कासारीण त्याच्यामागे उभी राहून बघत होती. तो खांद्यापर्यंत आला तशी ती म्हणाली, "थांबा दादा. तुम्ही पायापासून का सुरू करता?"

"भांडं बुडापासूनच घडतं."

"भांडं थांबतं हो. ऊन थांबतं का? बघा, तुम्ही निऱ्या काढेपर्यंत सूर्य वर आला आणि डोक्याची सावली खाली घसरली. पाय मघाचे, डोकं आत्ताचं. मग मान राहील कुठे?"

तांबटानं कोळसा खाली ठेवला. इतकी वर्षं तो सावलीशी तांब्यासारखा वागत होता.

त्यानं विचारलं, भराभर ओढू का? ती म्हणाली, भराभर तुम्हाला जमायचं नाही, हात थरथरेल. मग थोडा विचार करून तिनं दारातल्या रांगोळीकडे बोट दाखवलं. "आधी ठिपके द्या. डोकं, हनुवटी, खांदे, कोपर, मनगट, कंबर, पाय. ऊन आहे तोवर नुसते ठिपके. रेघ काय, मागून सवडीनं जोडता येते."

तोवर ऊन पार चढलं होतं, त्या दिवशी आता सावली मिळणार नव्हती. जाताना तांबट म्हणाला, "बाई, मीही एक सांगू का? तुझ्या चित्रातली माणसं सगळी एकसारखी दिसतात, पहाऱ्यावर उभी राहिल्यागत. तू 'हलू नका' म्हणून ओरडतेस, ती घाबरून ताठतात. सून कोण आणि सासू कोण, कळत नाही."

कासारणीचं तोंड उतरलं. ओठावर काहीतरी तिखट आलं होतं, दिसत होतं ते. पण तिनं दारातल्या काचा गोळा करायला घेतल्या आणि एवढंच म्हणाली, "मग उद्या मी काढताना तुम्ही या. घाबरवते का ते बघा."

पण उद्या आभाळ दाटलं. परवाही दाटलं. वऱ्हाड निघायची सकाळ उजाडली तरी सूर्य नाही. तांबटाच्या अंगणात बैलगाड्या जुंपल्या होत्या. कासारीण मुलीला चुडा भरत होती, बोलवायला तांबट स्वतः गेला होता. उजवा हात भरून झाला. तांबट एकदा आभाळाकडे बघे आणि एकदा चौकटीकडे.

आणि ढगाला फट पडली.

कासारणीनं बांगड्या खाली ठेवल्या, मुलीला तशीच उठवली आणि चौकटीपुढे आणली. ती ओरडली नाही. हळू म्हणाली, "बाई गं, उभी राहा जरा आबांसमोर." तांबटानं ठिपके दिले. डोकं, हनुवटी, खांदे. हात कापत होता, पण ठिपक्याला काय लागतं? शेवटचा ठिपका पायाशी पडला आणि ऊन गेलं, ते दिवसभर आलं नाही.

वऱ्हाड गेलं. लग्न लावून तांबट परतला तेव्हा घरात कुणी नव्हतं, कापडावर नुसते ठिपके होते. तो त्यांच्यापुढे बसला आणि एकेक जोडत गेला. मान आली, लेकीची लांब मान. खांदा जरा तिरका आला, कारण ती उभी राहताना कापडाच्या कडेनं पलीकडच्या आबांकडे वाकून बघत होती. आणि एक मनगट चुड्यानं भरलेलं, दुसरं मोकळं.

पुढच्या पौर्णिमेला ते दोरीवर लागलं. माळ्यानं फूल ठेवलं आणि छान म्हणाला. कासारीण शेजारीच होती. तिनं विचारलं, काय छान? माळी गडबडला. मग त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि म्हणाला, "एका हातात बांगड्या नाहीत. जायची घाई दिसते." तांबटानं मान फिरवली.

तेव्हापासून त्या गावाची रीत बदलली. फूल ठेवणाऱ्यानं काय आवडलं ते सांगायचं. दोष काढणाऱ्यानं दुसऱ्या सकाळी चित्र काढणाऱ्याच्या मागे येऊन उभं राहायचं, नाहीतर बोलायचंच नाही. फुलं कमी झाली. चित्रं मात्र माणसांसारखी दिसू लागली. कासारणीच्या चित्रात तर एक म्हातारी चक्क हसून मागे रेललेली सापडली.

राहिली ती विहिरीवरची बातमी. तर तांबट हातोडा घेऊन कासारणीच्या दारात गेला होता, हे खरं. तिच्या अंगणात हातोडा चालला, हेही खरं. पण तो खुंट्यांवर. बांगड्याही फुटल्या होत्या, पण त्या तिनं स्वतःच दार आपटून फोडल्या. हळद गरम करणाऱ्या बाईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि तरी हळद नेऊन दिलीच, कारण काचा वेचताना कासारणीचं बोट खरंच कापलं होतं.

म्हणून लक्षात ठेवा: चूक दाखवायची तर शेजारी उभं राहून दाखवावी, आणि ऐकायची तर हातातला हातोडा खाली ठेवून ऐकावी.