मागं न फिरणारे सरदार

महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असते. पिंडीवरचं पाणी गोमुखातून बाहेर पडतं, तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं परतायचं. ते पाणी म्हणजे गंगा, ती ओलांडायची नाही. करडवाडीच्या जुन्या देवळात येईल त्याला हे सांगून सांगून म्हातारा सटवाजी गुरव पार थकून गेला होता.

एकदा सरदार हैबतराव लवाजमा घेऊन दर्शनाला आले. गोमुखापाशी सटवाजीनं नेहमीसारखा हात आडवा केला. "सरकार, इथून मागं फिरायचं."

सरदारांनी मिशीला पीळ दिला. "मागं? आमचं पाऊल रणातसुद्धा कधी मागं फिरलं नाही! हे गोमुख उद्याच बुजवून टाक. तुला जमत नसेल, तर पूजेला दुसरा गुरव बघू."

शिपाई हसले. वाद घालायचं त्राण सटवाजीत उरलं नव्हतं. तो तिथंच ओट्यावर टेकला आणि त्यानं बाहेरच्या पिंपळाकडं बोट केलं. पिंपळाखाली वीरगळांची रांग होती. लढाईत पडलेल्या वीरांचे ते कोरीव दगड.

"सरकार, रणातून मागं न फिरलेले सगळे तिथं उभे आहेत. रोज मीच त्यांना पाणी घालतो. आता तुम्हीच सांगा, तुम्हाला परतीची वाट दाखवू, की त्या रांगेत जागा करू?"

सरदारांनी एकदा वीरगळांकडं पाहिलं, एकदा गोमुखाकडं. मग ते आल्या वाटेनं परतले.

तेवढ्यात त्यांचे कारभारी धोतर सावरत पाणी ओलांडायला निघाले. सटवाजीनं उसासा टाकला आणि पुन्हा हात आडवा केला.