आवडाची फांदी

मोहरते पण फळत नाही, अशा झाडाला सातवणवाडीत ‘वांझ’ म्हणत. रातांब्याची, म्हणजे कोकमाची, काही झाडे नर असतात, ती नुसती मोहरतात; काही मादी. नराच्या परागावाचून मादीला फळ धरत नाही. हे त्या शब्दाला ठाऊक नव्हते. शब्द लहान होता, त्याने घाव मात्र मोठे घातले.

फार मागे, गावावरच्या कातळी पठारावर, सड्यावर, अजून वाट पडली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. सातवणवाडी रातांब्यावर जगे. फळांच्या सालींची आंबट सोले सुकवावीत, ती घाटावर न्यावीत आणि तांदूळ आणावा. शिमग्याला गावकरी एक वांझ रातांबा तोडून होळीत घालीत. असे करता करता एकच उरला, तोही आवडाच्या खोपीमागे. आवडाला मूल नव्हते. नवऱ्याने दुसरी केली आणि हिला गावाच्या कडेला ठेवले.

शिमग्याला माणसे कुऱ्हाड घेऊन आली. गावचा प्रमुख, गावकार, हसून म्हणाला, “वांझेच्या दारी वांझ रातांबा! जोडी शोभते हो, आवडे.”

“मला काय ते म्हणा, काका. पण ह्याच्यावरचे भुंगेच तिकडच्या झाडांवर जातात, मी रोज बघते. ह्याला तोडलंत तर कुठंच फळ धरायचं नाही.”

“भुंगे पोरं देतात होय गं? मग तुलाच कसं नाही दिलं?”

माणसे हसली. झाड पडले.

पुढल्या वर्षी सगळे रातांबे मोहरले आणि सगळे रिते राहिले. गाव म्हणाले, आवडाने चेटूक केले. तिला विहीर बंद झाली.

त्यापुढच्या माघात मोहोर आला, तेव्हा आवडा एकटी सडा चढून रानात गेली. तिथला मोहरलेला नर रातांबा तिने शोधला आणि त्याच्या फांद्या कवटाळून ती परत निघाली. ती गावापर्यंत पोचली नाही. उतारावर सापडली तेव्हा देह थंड झाला होता. फुले मात्र ताजी होती, असं म्हणतात. हातांची मिठी सुटेना, म्हणून फांद्यांसकटच तिला तिरडीवर ठेवले. भुंगे गुणगुणत मागून आले, असं म्हणतात. ज्या ज्या रातांब्याखालून ती तिरडी गेली, तो तो त्या उन्हाळ्यात लाल झाला. बाकीचे रितेच राहिले. तेव्हा गावाला कळले. गावकार त्या लाल झाडांखाली बसून रडला, असंही म्हणतात.

आजही माघात सातवणवाडीत नर रातांब्याची मोहरलेली फांदी चौघे खांद्यावर घेतात आणि प्रत्येक झाडाखालून अनवाणी, न बोलता नेतात. पहिले पिकलेले फळ कोणी खात नाही. ते आवडाच्या खोपीच्या जोत्यावर ठेवतात. ‘वांझ’ हा शब्द तिथे उच्चारीत नाहीत.

इतर गावांत सांगतात की आवडाने शाप दिला म्हणून फळ गेले आणि मरताना तो मागे घेतला म्हणून परत आले. हे चूक आहे. तिने शाप दिलाच नव्हता. कुऱ्हाड गावाची होती. तिची होती ती फक्त फांदी.