पंपाचा जोर

पाईप आणि पंप एकमेकांशी भांडू शकत, त्या काळातली गोष्ट. प्लॅस्टिकच्या एका पाईपला बारीक चीर गेली होती आणि त्याचा जीव सारखा टांगणीला लागलेला.

उताराच्या टोकाला असलेला नळ ओरडला, "पंपदादा, थेंबही येत नाही!"

"थांब, जोर लावतो."

"नको रे दादा," पाईप कळवळला, "तू रेटलंस की माझी चीर फाकते."

"रडतोस काय? पाणी पोचत नाही म्हणूनच रेटतोय ना!"

पंपानं रेटलं. चीर वासली, वाटेत चिखल झाला, नळ कोरडाच. पंप चिडून आणखी गुरगुरला आणि शेवटी दमून मंद झाला. तशी चीर मिटली. नळाला धार लागली.

पंप फुशारला, "बघ, पोचलं! आता जरा जोर लावतो."

पाईपनं चीर आवळून धरली.