मिरी मुंगीला हवी धार

एक होती मुंगी. मिऱ्याच्या दाण्याएवढी. म्हणून तिचं नाव मिरी.

डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यापुढे हिरवळ होती. हिरवळीत मिरीचं घर. घराला एवढंसं दार. दाराच्या आत मिरीची तीन बाळं.

एका सकाळी मिरी खाऊ आणायला गेली. तुरुतुरु गेली. भाकरीचा कण मिळाला. तो डोक्यावर घेतला. तुरुतुरु परत आली. बघते तर काय, दारच नाही.

पावसाळाभर गवत वाढलं होतं. वाढलं, वाढलं, इतकं वाढलं की त्याला उभंच राहवेना. मग पडलं आडवं. नेमकं मिरीच्या दारावर.

मिरीनं इकडून ढकललं. तिकडून ढकललं. गवत कसलं हलतंय. आतून बारीक आवाज आला, "आई, भूक." पण आवाज येतो कुठून, तेच कळेना. मिरीला रडू आलं. कुणालाही येईल.

पाऊस सरला की डॉक्टरीणबाई माळीकाकांना बोलावतात. दर वर्षी बोलावतात. माळीकाका गवत कापतात, तण काढतात, शेणखत घालतात. त्या दिवशीही ते आले होते. पण कडुनिंबाखाली बसले होते. नुसतेच.

मिरी गेली तुरुतुरु.

"माळीकाका, माळीकाका, गवत कापा ना.
गवत हटेना, दार दिसेना,
बाळं माझी भुकेली, जीव माझा राहीना."

माळीकाका म्हणाले, "कसं कापू बाई? पावसात कात्री गंजली. तिला धार नाही. धार आण, मग कापतो."

धार? मिरीला एकच धार माहीत. नळाची. नळ होता गोठ्यापाशी. मिरी निघाली तुरुतुरु.

"नळोबा, नळोबा, धार सोडा ना.
कात्री चालेना, गवत हटेना, दार दिसेना,
बाळं माझी भुकेली, जीव माझा राहीना."

नळ म्हणाला, "मी कसा सोडू? माझी तोटी भारी घट्ट. ती भागूमावशीलाच वळते. मावशीला आण, मग सोडतो."

भागूमावशी गोठ्यात बसली होती. मांडीत चरवी, समोर म्हैस. मिरी गेली तुरुतुरु.

"मावशी, मावशी, ऊठ ना गं.
नळ सुटेना, कात्री चालेना, गवत हटेना, दार दिसेना,
बाळं माझी भुकेली, जीव माझा राहीना."

मावशी म्हणाली, "कशी उठू गं? सकाळपासनं धार काढायला बसलेय. काजळी म्हैस पान्हावेना. दूधच सोडेना. ती पान्हावली की उठते."

घ्या. इथंही धारच. मिरीला वाटलं, जगात सगळ्यांना धारच हवी आहे. ती म्हशीच्या पायापाशी गेली. तुरुतुरु.

"म्हशीबाई, म्हशीबाई, दूध सोडा ना.
मावशी उठेना, नळ सुटेना, कात्री चालेना, गवत हटेना, दार दिसेना,
बाळं माझी भुकेली, जीव माझा राहीना."

म्हैस म्हणाली, "तुझी बाळं आत, माझं बाळ बाहेर. माझं रेडकू गेलंय गवतात. ते जवळ आल्याशिवाय मला पान्हा फुटत नाही. रेडकाला आण, मग सोडते."

मिरीला म्हशीची दया आली. आईला आईचं कळतं. ती निघाली तुरुतुरु. पाय दुखायला लागले होते. डोक्यावर भाकरीचा कण होताच.

रेडकू उंच गवतात उभं होतं. मान हलवत होतं. फडफड फडफड.

"रेडका, रेडका, आईकडे चल ना.
म्हैस पान्हावेना, मावशी उठेना, नळ सुटेना, कात्री चालेना, गवत हटेना, दार दिसेना,
बाळं माझी भुकेली, जीव माझा राहीना."

रेडकू म्हणालं, "कसं चालू? या गवताचं कुसळ माझ्या कानात गेलंय. टोचतंय, टोचतंय. ते निघालं, तर चालतो."

मिरी रेडकाच्या पायावर चढली. पायावरून पाठीवर. पाठीवरून मानेवर. मानेवरून कानावर. आत बघितलं. खरंच, हे एवढं कुसळ.

"कुसळा, कुसळा, बाहेर ये ना.
रेडकू हलेना, म्हैस पान्हावेना, मावशी उठेना, नळ सुटेना, कात्री चालेना, गवत हटेना, दार दिसेना,
बाळं माझी भुकेली, जीव माझा राहीना."

कुसळ काही बोललं नाही. कुसळाला तोंड कुठं असतं?

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. कानात मावेल असं तर एकच होतं. मिरी स्वतः.

मिरीनं भाकरीचा कण बाजूला ठेवला. म्हणाली, "रेडका, कान हलवू नकोस हं." कुसळ धरलं तोंडात. आणि ओढलं. ओढलं. ओढलं. पाय रोवून ओढलं.

सुळ्ळकन कुसळ निघालं.

कुसळ निघालं, रेडकू हललं. दुडुदुडु आईकडे पळालं. कानावर मिरी, मिरीच्या डोक्यावर पुन्हा भाकरीचा कण.

रेडकू आलं, म्हैस पान्हावली. चुर्र चुर्र, चुर्र चुर्र, चरवी भरली.

चरवी भरली, मावशी उठली. तोटी फिरवली, करकर करकर.

तोटी फिरली, नळ सुटला. भळभळ भळभळ. बादली भरली. मावशीनं बादली उचलली. मिरी बसली बादलीच्या कडीवर. दोघी गेल्या कडुनिंबाखाली.

"माळीकाका, धार आणली," मिरी म्हणाली. तिला कोण आनंद झाला होता.

माळीकाकांनी बादलीत बघितलं. आणि लागले हसायला. "अगं वेडाबाई, ही पाण्याची धार. मला हवी कात्रीची. कात्रीची धार बादलीत येत नाही."

मिरी बादलीच्या कडीवरच बसून राहिली. एवढी पायपीट केली. आणि आणलं काय, तर भलतंच. आत बाळं भुकेली. तिला हुंदका आला.

भागूमावशीनं पदर खोचला. म्हणाली, "हसताय काय काका? पिशवीत धार लावायचा दगड आहे ना तुमच्या?"

"आहे की. पण तो तर कोरडा खट. पाण्याशिवाय त्यावर धार..."

माळीकाका बोलायचे थांबले. त्यांनी बादलीकडे बघितलं. दगडाकडे बघितलं. मग डोकं खाजवलं. "खरंच की. मला मेल्याला सुचलंच नाही."

दगडावर पाणी पडलं. दगडावर कात्री फिरली. खस्स खस्स, खस्स खस्स. गंज गेला. पातं चकाकलं. पाण्याच्या धारेनं कात्रीला धार आली. मिरीचं काही चुकलं नव्हतं बरं का.

कात्री चालली. कचकच कचकच. माळीकाका उकिडवे बसून कापत गेले. मिरी पुढे, कात्री मागे. पायाखालून आवाज आला, "आई, भूक." मिरी थांबली, तशी कात्रीही थांबली. माळीकाका म्हणाले, "इथं कात्री नको. इथं बोटं बरी." त्यांनी बोटांनी गवत हळूच बाजूला केलं.

गवत हटलं, दार दिसलं.

मिरी आत गेली तुरुतुरु. तीन बाळं तिला चिकटली. भाकरीचा कण चौघांनी मिळून खाल्ला. मोठा तुकडा बाळांना, चुरा आईला.

"आई, इतका उशीर का गं?" थोरल्यानं विचारलं.

"धार आणायला गेले होते."

"धार म्हणजे काय गं?" मधलीनं विचारलं.

मिरीला आता सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "एक असते पाण्याची. एक असते दुधाची. एक असते कात्रीची."

धाकट्यानं आईच्या गालाला पाय लावला. गाल ओला होता. डोळ्यांतून धार लागली होती.

"आणि ही कसली?"

मिरीनं तिघांना जवळ ओढलं. म्हणाली, "ही तुम्ही भेटलात त्याची."

मिरीचं दार उघडलं, गोष्टीचं दार लागलं.